रुळांवरून रिंगणात : एका अभियंत्याच्या उमेदवारीचा हिशेब

२०२१ च्या मार्च-एप्रिलमध्ये चार राज्ये आणि पुदुच्चेरी येथे विधानसभेच्या निवडणुका झाल्या, तेव्हा राजधानीचे सारे लक्ष पश्चिम बंगालकडे लागले होते. केरळमध्ये भारतीय जनता पक्षाला सत्तेची आशा नव्हती. मावळत्या विधानसभेत त्याचा जेमतेम एक आमदार होता. तरीही २ मे रोजी मतमोजणी सुरू झाली, तेव्हा पालक्काड या एका मतदारसंघाचे आकडे दिल्लीपासून रत्नागिरीपर्यंत उत्सुकतेने पाहिले गेले. तेथे उमेदवार होते एलाट्टुवळप्पिल श्रीधरन, वय वर्षे ८८. कोकणच्या डोंगरातून रेल्वे नेणारे आणि दिल्लीच्या पोटातून मेट्रो काढणारे. बराच वेळ ते आघाडीवर होते. शेवटच्या फेऱ्यांत चित्र पालटले आणि काँग्रेसचे शफी परम्बिल ३,८५९ मतांनी निवडून आले.

राजकारणात पराभव ही नवलाची गोष्ट नाही. परंतु ही उमेदवारी केवळ हार-जितीच्या रकान्यात टाकून विसरावी, अशीही नव्हती. आयुष्यभर शासनयंत्रणेत राहून ज्याने कामे वेळेत पुरी करून दाखविली, असा माणूस निवृत्तीनंतर जनतेकडे मते मागावयास जातो, तेव्हा तो नेमके काय मागत असतो आणि विधानसभेची जागा त्याला ते देऊ शकते काय, हा प्रश्न त्या पराभवाहून मोठा आहे. राजधानीतील सनदी सेवकांना तर तो अधिकच जवळचा वाटावा.

श्रीधरन यांचा जन्म १२ जून १९३२ चा, पालक्काड जिल्ह्यातला. शिक्षण पालक्काडच्या बासेल इव्हँजेलिकल मिशनच्या शाळेत व व्हिक्टोरिया महाविद्यालयात झाले. अभियांत्रिकीची पदवी त्यांनी आंध्रातील काकिनाडा येथे घेतली. पदवीनंतर काही काळ कोळिक्कोडच्या तंत्रनिकेतनात अध्यापन आणि मग वर्षभर मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये उमेदवारी केल्यावर ते रेल्वेच्या अभियांत्रिकी सेवेत दाखल झाले. म्हणजे महाराष्ट्राशी त्यांची ओळख कोकण रेल्वेपेक्षा पुष्कळ जुनी आहे.

डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळाने रामेश्वरला मुख्य भूमीशी जोडणारा पांबनचा रेल्वेपूल मोडून टाकला. पुलाच्या बहुतेक तुळया समुद्रात वाहून गेल्या. दुरुस्तीसाठी रेल्वेने सहा महिन्यांची मुदत ठरविली, वरिष्ठांनी ती तीन महिन्यांवर आणली आणि बत्तिशीच्या आसपास असलेल्या या अभियंत्याने काम ४६ दिवसांत उरकले. पुढे १९७० मध्ये कोलकाता मेट्रोच्या नियोजनाची जबाबदारी आली, नंतर कोचीन शिपयार्ड. १९८१ मध्ये त्या गोदीतून पहिले जहाज पाण्यात उतरले, ते त्यांच्याच कारकीर्दीत. १९९० मध्ये रेल्वे बोर्डाचे सदस्य म्हणून ते निवृत्त झाले आणि लोकांना माहीत असलेले श्रीधरन तेथून पुढे सुरू झाले.

कोकण रेल्वेची कथा मराठी वाचकास नव्याने सांगण्याचे कारण नाही. तथापि त्या प्रकल्पामागची राजकीय मांडणी ध्यानात घेतल्याशिवाय २०२१ ची उमेदवारी उलगडत नाही. विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या मंत्रिमंडळात जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते आणि मधु दंडवते अर्थमंत्री. कोकणच्या रेल्वेसाठी ज्यांनी संसदेत वर्षानुवर्षे आवाज उठविला ते दंडवते तिजोरीच्या किल्ल्या सांभाळीत होते. असा योग दिल्लीत क्वचितच जुळून येतो. रेल्वेच्या नेहमीच्या अर्थसंकल्पातून हे काम होणार नाही, हे ओळखून जुलै १९९० मध्ये स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले. रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के. यातील केरळचा वाटा विशेष म्हणावा लागेल, कारण रोहा ते ठोकूर या मार्गाचा एक मीटरही केरळच्या भूमीतून जात नाही. मुंबईकडे जाणाऱ्या मल्याळी माणसाचा प्रवास कमी व्हावा म्हणून त्या राज्याने हे पैसे घातले. उरलेला बहुतांश पैसा रोख्यांतून उभा राहिला.

या महामंडळाच्या प्रमुखास निर्णयाचा अधिकार होता. कंत्राटदाराचे देयक अडवून ठेवावयाचे नाही, फाइल टेबलाटेबलांवरून फिरवावयाची नाही, कामाच्या ठिकाणी मुदतीचे उरलेले दिवस दाखविणारे उलटे घड्याळ लावावयाचे, ही पद्धत तेथे रुजली. पाच वर्षांचे उद्दिष्ट अर्थात पाच वर्षांत गाठले गेले नाही. गोव्यात खाजण जमिनींच्या आणि जुन्या गोव्याच्या रक्षणासाठी आंदोलन उभे राहिले, काम काही काळ थांबले. पेडण्याच्या बोगद्याने ढासळत्या मातीशी झुंजविले. नव्वदहून अधिक बोगदे आणि लहानमोठे सुमारे दोन हजार पूल पार करून २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. दरम्यान केंद्रात अनेक पंतप्रधान येऊन गेले होते. प्रकल्पाचा प्रमुख मात्र बदलला नव्हता.

दिल्लीत तेच घडले. १९९७ च्या अखेरीस मेट्रोची सूत्रे हाती आली तेव्हा केंद्रात संयुक्त आघाडीचे सरकार होते आणि दिल्लीत भाजपचे. २४ डिसेंबर २००२ रोजी शाहदरा ते तीस हजारी ही पहिली गाडी धावली तेव्हा पंतप्रधान वाजपेयी होते, मुख्यमंत्री शीला दीक्षित. केंद्र आणि राज्य यांची निम्मी-निम्मी भागीदारी असलेली ही संस्था दोन पक्षांच्या भांडणात सापडून सहज रखडली असती. ती रखडली नाही, याचे श्रेय श्रीधरन यांच्या शिस्तीला जितके, तितकेच त्यांना संरक्षण देणाऱ्या राजकारण्यांनाही आहे. दुसरे नाव हल्ली विसरले जाते. रुळांच्या रुंदीसारख्या तांत्रिक प्रश्नावर श्रीधरन यांना प्रमाणरूंदी हवी होती, मंत्र्यांनी रेल्वेच्या आग्रहानुसार ब्रॉडगेज ठरविली. त्यांनी मतभेद नोंदवून ब्रॉडगेज टाकली आणि काम पुढे नेले. जुलै २००९ मध्ये झमरुदपूर येथे उभारणी चालू असलेला पुलाचा भाग कोसळून कामगार मृत्युमुखी पडले, तेव्हा त्यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. तो शीला दीक्षितांनी स्वीकारला नाही. २०११ च्या अखेरीस ते मेट्रोतून निवृत्त झाले तेव्हा पद्मविभूषण त्यांच्या नावावर होते आणि देशातील जवळपास प्रत्येक मोठ्या शहराला मेट्रो हवी होती.

मग राजकारण कशासाठी? याचे उत्तर दिल्लीपेक्षा केरळमध्ये अधिक सापडते. निवृत्तीनंतर श्रीधरन पोन्नानीला भारतप्पुळा नदीच्या काठी राहू लागले आणि दिल्ली मेट्रो महामंडळाचे सल्लागार या नात्याने केरळच्या कामांत गुंतले. कोची मेट्रोचा पहिला टप्पा २०१७ मध्ये सुरू झाला. परंतु तिरुवनंतपुरम आणि कोळिक्कोड येथील हलक्या मेट्रोचे प्रकल्प कागदावरच रेंगाळले. राज्य सरकारकडून निर्णय येत नाही, अशी तक्रार करीत दिल्ली मेट्रोने मार्च २०१८ मध्ये तेथून अंग काढून घेतले. ज्या माणसाने काझीगुंडला नव्हे, अरवलीला नव्हे, तर सह्याद्रीला वळसे घातले, तो स्वतःच्या राज्यात मंत्रालयाच्या दारात अडला. पुढे कोचीजवळील पालारिवट्टम उड्डाणपूल बांधल्यानंतर काही वर्षांतच धोकादायक ठरला आणि तो नव्याने उभारण्याचे काम पुन्हा त्यांच्याकडेच आले. मार्च २०२१ च्या प्रारंभी त्या पुलाची पाहणी करतानाच दिल्ली मेट्रोच्या गणवेशातील हा आपला शेवटचा दिवस, असे त्यांनी वार्ताहरांना सांगितले. पुढचा पोशाख उमेदवाराचा होता.

फेब्रुवारीत भाजपप्रवेश जाहीर करताना त्यांनी जी कारणे दिली, ती कोण्या कसलेल्या पुढाऱ्याची नव्हती. केरळमध्ये दोन आघाड्या आळीपाळीने राज्य करतात, नवे उद्योग येत नाहीत, राज्यावर कर्जाचा बोजा वाढतो आहे आणि शिकलेली मुले बाहेर जातात, हे त्यांचे म्हणणे होते. त्यांचा प्राधान्यक्रमही त्यातूनच ठरला होता : पायाभूत सुविधा, उद्योग, राज्याची कर्जातून सुटका. एवढ्यावर ते थांबले नाहीत. पक्षाला सत्ता मिळाल्यास मुख्यमंत्री होण्याची तयारी त्यांनी बोलून दाखविली. राज्यपालपदात मात्र रस नाही, कारण त्या पदाला अधिकार नसतात, हेही तितक्याच सरळपणे सांगितले. प्रदेशाध्यक्ष के. सुरेंद्रन यांनी त्यांना मुख्यमंत्रिपदाचे उमेदवार म्हणून घोषित केले आणि काही तासांतच पक्षाने ती घोषणा मागे घेतली. पंच्याहत्तरीचा दंडक पक्षाने त्यांच्यासाठी बाजूला ठेवला होता खरा, पण सत्तेचे सूत्र हाती देण्याइतका नव्हे.

या साऱ्या बोलण्यात एक गोष्ट सातत्याने दिसते. श्रीधरन यांना हवा होता तो निर्णयाचा अधिकार. आमदारकी ही त्याकडे नेणारी पायरी होती. परंतु विरोधी बाकावरील एकट्या आमदाराच्या हाती काय असते? तो प्रश्न विचारू शकतो, लक्षवेधी सूचना देऊ शकतो, समितीत बसू शकतो, मतदारसंघाच्या निधीतून काही कामे करवून घेऊ शकतो. रेल्वे तर राज्यघटनेनुसार केंद्राच्या सूचीतील विषय. पालक्काडच्या मतदारांना हे अनुभवाने ठाऊक होते. शहराजवळच्या कंजिकोड येथे रेल्वेचा डबे बनविणारा कारखाना उभा राहणार, अशी घोषणा २००८ च्या रेल्वे अर्थसंकल्पात झाली. २०१२ मध्ये कोनशिला बसविली गेली. कारखाना मात्र उभा राहिला नाही. त्या काळात केंद्रात काँग्रेस होती, नंतर भाजप आला, राज्यात दोन्ही आघाड्या येऊन गेल्या. कोनशिलेला पक्ष नसतो. अशा गावात देशातला सर्वांत नावाजलेला रेल्वे अभियंता उमेदवार म्हणून यावा, यात लोकांना आशाही वाटली आणि थोडी गंमतही.

मतदारसंघाची निवड मात्र व्यवहारी होती. पोन्नानीपासून फार दूर नको, एवढीच त्यांची अट होती. पालक्काड नगरपालिका २०१५ पासून भाजपच्या ताब्यात होती. २०१६ च्या विधानसभा निवडणुकीत या पक्षाच्या शोभा सुरेंद्रन ४०,०७६ मते घेऊन दुसऱ्या क्रमांकावर आल्या होत्या आणि मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष तिसऱ्यावर गेला होता. जेथे पक्ष आधीच उभा होता, तेथे नामवंत उमेदवार दिला तर उरलेले अंतर कापता येईल, हा पक्षाचा हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही.

प्रचारात मात्र अभियंत्याचा पिंड आणि पक्षाचे राजकारण यांचा सांधा नीट बसला नाही. पाणी, कचरा, वीज यांवर बोलताना श्रीधरन आपल्या मैदानावर असत. त्याच वेळी 'लव्ह जिहाद'विषयी आणि मांसाहाराविषयी केलेल्या विधानांनी ते वादात सापडले. मतदार त्यांचे पाय धूत असल्याची छायाचित्रे प्रसिद्ध झाली, तेव्हा ही भारतीय परंपरा आहे, असे समर्थन त्यांनी केले. सामाजिक समतेच्या चळवळींनी घडलेल्या केरळमध्ये हे चित्र अनेकांना खटकले. निवडणूक आयोगाने मतदार जागृतीसाठी त्यांचे छायाचित्र वापरले होते, तेही आता काढून घ्यावे लागले. ती बाब तशी किरकोळ, पण बोलकी. तीस वर्षे ज्या माणसाचा पक्ष कोणता, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, त्याला तो आता प्रत्येक दारी विचारला जाऊ लागला. विशेषतः अल्पसंख्य मतदारांपुढे श्रीधरन यांच्या कर्तृत्वाविषयी शंका नव्हती. त्या कर्तृत्वाबरोबर काय येते, ही शंका होती.

प्रतिस्पर्धी शफी परम्बिल ३८ वर्षांचे. २०११ पासून आमदार, युवक काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष. त्यांच्या नावावर पूल नव्हते, परंतु लग्नकार्यापासून रुग्णालयापर्यंत मतदारांत वावरण्याची दहा वर्षांची मशागत होती. आमदाराकडून सामान्य मतदाराची अपेक्षा बहुधा हीच असते. सनदी सेवेत वाढलेल्या माणसाला हे काम दुय्यम वाटते. लोकशाहीत ते दुय्यम नाही.

निकालाचे आकडे या दृष्टीने वाचण्यासारखे आहेत. परम्बिल यांना ५४,०७९, श्रीधरन यांना ५०,२२० आणि मार्क्सवादी पक्षाचे सी. पी. प्रमोद यांना ३६,४३३ मते मिळाली. पाच वर्षांपूर्वीच्या तुलनेत भाजपची मते १०,१४४ ने वाढली. काँग्रेसची साडेतीन हजारांच्या आत घटली, मार्क्सवाद्यांची सव्वादोन हजारांच्या आसपास. परम्बिल यांचे मताधिक्य १७,४८३ वरून ३,८५९ वर आले. शहरात श्रीधरन पुढे होते. भोवतालच्या पंचायतींनी काँग्रेसला तारले. राज्यभर डाव्या आघाडीने १४० पैकी ९९ जागा जिंकून सत्ता राखली, आणि भाजपला नेमोमची आपली एकुलती एक जागाही गमवावी लागली. म्हणजे श्रीधरन निवडून आले असते तरी सभागृहात ते एकटेच बसले असते.

निकालापूर्वीच त्यांनी पालक्काडमध्ये घर आणि आमदार कार्यालयाची जागा घेऊन ठेवली होती. काहींनी याला आत्मविश्वास म्हटले, काहींनी अहंकार. खरे तर ती जुनी सवय होती : काम मिळणार असे गृहीत धरून आधीच तळ ठोकावयाचा. एका दलित वस्तीला वीजजोडण्यांचा दिलेला शब्द त्यांनी हरल्यानंतरही पाळला आणि पैसे स्वतः भरले. डिसेंबर २०२१ मध्ये सक्रिय राजकारणातून बाजूला होत असल्याचे सांगताना ते म्हणाले, त्याचा आशय असा की, हरलो तेव्हा वाईट वाटले होते, आता वाटत नाही, कारण एका आमदाराच्या बळावर काही करता आले नसते. हे वाक्य त्यांनी उमेदवारी अर्ज भरण्यापूर्वी उच्चारले असते तर ती निवडणूक झालीच नसती.

अशा वाटेने गेलेले ते पहिले अधिकारी नव्हेत. पालक्काडच्या शाळेत आणि महाविद्यालयात त्यांचे सहाध्यायी असलेले टी. एन. शेषन यांनी मुख्य निवडणूक आयुक्त म्हणून साऱ्या पक्षांना धाकात ठेवले. १९९७ मध्ये शिवसेनेच्या पाठिंब्यावर ते राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले आणि के. आर. नारायणन यांच्यापुढे त्यांचा निभाव लागला नाही. १९९९ मध्ये त्यांनी काँग्रेसच्या तिकिटावर गांधीनगरमधून लालकृष्ण अडवाणींशी लढत दिली. तेथेही हार पदरी आली. पुण्यात कर्तव्यकठोर सनदी अधिकारी म्हणून गाजलेल्या अरुण भाटिया यांना टाळ्या मिळाल्या, जागा मिळाली नाही. उलट उदाहरण केरळचेच आहे. दिल्लीत अनधिकृत बांधकामे पाडण्यासाठी प्रसिद्ध झालेले अल्फोन्स कन्ननथानम २००६ मध्ये डाव्या आघाडीच्या पाठिंब्याने कांजिरप्पळ्ळीतून आमदार झाले. पुढे ते भाजपमध्ये गेले, केंद्रात मंत्री झाले आणि २०२१ मध्ये त्याच कांजिरप्पळ्ळीत भाजपचे उमेदवार म्हणून पराभूत झाले. माणूस तोच, मतदारसंघ तोच. अधिकाऱ्याची कीर्ती मते आणते, हे खरे. ती किती आणील, ते तो कोणाच्या खांद्यावर हात ठेवून येतो यावरही ठरते.

श्रीधरन यांच्या स्वभावात लोकप्रतिनिधीला न मानवणारा आणखी एक धागा आहे. जून २०१९ मध्ये दिल्लीतील आम आदमी पक्षाच्या सरकारने मेट्रोत महिलांना मोफत प्रवास देण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा त्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून विरोध केला. एका घटकाला सवलत दिली की विद्यार्थी, अपंग, ज्येष्ठ नागरिक असे सारेच मागणार आणि मेट्रो तोट्यात जाणार, हा त्यांचा युक्तिवाद. द्यावयाचीच असेल तर सवलतीची रक्कम सरकारने महिलांच्या खात्यात थेट भरावी, असे त्यांनी सुचविले. हिशेबनीस म्हणून हे बिनतोड होते. पण शाहदऱ्याहून कामावर जाणाऱ्या बाईला तिकिटाचे पैसे का परवडत नाहीत, हा प्रश्न त्या पत्राच्या कक्षेबाहेरचा होता. निवडून येणाऱ्याला त्याच प्रश्नापासून सुरुवात करावी लागते.

श्रीधरन बाजूला झाल्यानंतरचे पालक्काडही पाहण्याजोगे आहे. २०२४ मध्ये परम्बिल वडकरातून लोकसभेवर गेले आणि नोव्हेंबरमध्ये पोटनिवडणूक झाली. काँग्रेसचे राहुल मांकूट्टत्तिल १८,८४० मतांनी विजयी झाले. भाजपचे सी. कृष्णकुमार यांना ३९,५४९ मते पडली, म्हणजे २०१६ पेक्षाही काहीशी कमी. मधल्या वर्षांत पक्षाने त्रिशूरची लोकसभेची जागा जिंकली होती, तरी पालक्काडमधील ती वाढलेली दहा हजार मते टिकली नाहीत. ती पक्षाची नव्हतीच, श्रीधरन यांची होती, असे मानण्यास यावरून जागा आहे.

आणि ज्या सरकारविरुद्ध ते लढले, त्यालाही त्यांची गरज संपली नाही. तिरुवनंतपुरम ते कासरगोड हा सुमारे ५३० किलोमीटरचा सिल्व्हरलाइन रेल्वेमार्ग पिनराई विजयन सरकारचा लाडका प्रकल्प. श्रीधरन यांनी त्याच्या आराखड्यावर सुरुवातीपासून कठोर टीका केली होती, गावोगावी भूसंपादनाविरुद्ध आंदोलने झाली आणि केंद्राची मंजुरी अडली. जुलै २०२३ मध्ये केरळ सरकारचे दिल्लीतील विशेष प्रतिनिधी के. व्ही. थॉमस पोन्नानीला त्यांच्या घरी गेले आणि मार्ग कसा काढावा, अशी विचारणा केली. जमीन कमी लागावी यासाठी मार्ग बहुतांशी खांबांवरून आणि बोगद्यांतून न्यावा, असे सुचविणारे टिपण एक्क्याण्णव वर्षांच्या त्या अभियंत्याने तयार केले आणि ते थॉमस यांच्यामार्फत मुख्यमंत्र्यांच्या टेबलावर गेले.